मिसाळभाऊंची शांता

पाणी प्यायच्या आधी पेला उजेडात धरून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कुणाच्याही घरी गेला तरी तेच. घरची बाई बिचारी तांब्या-पेला पुढे करायची आणि हा बाबा खिडकीकडे तोंड करून पेला वर धरायचा, जरासा हलवायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि मगच प्यायचा. माझ्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की विचारू नका. "आपल्याकडे किडे घालून पाणी देतात वाटतं," असं त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, तेही बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं.

अपमान बिपमान काही नव्हता त्यात. याकोब मिसाळ आमच्या पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत तपासणी खात्याचे सुपरवायझर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. इंजेक्शनच्या कुप्या दिव्यापुढे धरायच्या आणि आत काचेचा कण, धागा, कसपट काही तरंगतंय का बघायचं, हे आमचं काम. दिव्यामागे एक पाटी असायची, अर्धी काळी, अर्धी पांढरी. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. "बाई, एकाच बाजूनं बघितलेली कुपी म्हणजे न बघितलेली कुपी," हे ते रोज एकदा तरी म्हणायचे. आम्ही बायका तोंड वळवून हसायचो, कारण ते म्हणणार हे आम्हाला त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच कळायचं.

कॉलनीत आमची भिंतीला भिंत. ते मूळचे नगर जिल्ह्यातले, दोन पिढ्यांचे ख्रिस्ती. नमस्काराला "सलाम" म्हणायचे आणि चर्चला देऊळ. मला मेलीला याची इतकी गंमत वाटायची की मी मुद्दाम विचारायची, "काय भाऊ, देवळातनं आलात?" मला ते सुमनताई म्हणत. त्यांची बायको मार्थावहिनी, हडकुळी, हाताला चटचटीत, जिभेला त्याहून. मूलबाळ नव्हतं. आणि मिसाळभाऊ कादंबऱ्या लिहायचे.

हे मला शेजारी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण ते लिहिताना मोठ्यानं बोलायचे. पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आधी हा माणूस इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून लिहीत असायचा. बसून लिहिलं की वाक्यं लोळतात म्हणे. बाईचं बोलणं बाईच्या आवाजात, म्हाताऱ्याचं म्हाताऱ्याच्या. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं, आणि मधूनच चुलीपाशी बसलेल्या मार्थावहिनींचा आवाज यायचा, "असं नाही म्हणणार ती. बाई आहे का देवळातले पाळकसाहेब?" की मग तेच वाक्य बदलून.

कादंबऱ्या नगरचा एक छोटा छापखाना छापायचा आणि त्या ख्रिस्ती घरांतून हातोहात फिरायच्या. मी सगळ्या वाचल्या. खरं सांगू? भाषा अशी की एका बैठकीत संपवावी, आणि शेवट असा की पुस्तक भिरकावून द्यावं. दारुडा सुटायचा, पळून गेलेला मुलगा परत यायचा, आंधळीला दिसायला लागायचं. मी एकदा कुंपणावरून विचारलं, "भाऊ, तुमच्या पुस्तकात कुणी मरतच नाही का हो?"

"मरतो की. 'काट्यांची वाट'मधला सावकार मरतो."

"तोही पश्चात्ताप करून!"

"मग काय तसाच मारू?" ते म्हणाले आणि इतके हसले की त्यांना खोकला आला.

तो खोकला मग गेलाच नाही.

पुढचं काय आणि किती सांगायचं? रुमालावर रक्त दिसलं, छातीचा फोटो काढला, दोन्ही फुप्फुसांना डाग. क्षय. आम्ही ज्या रोगाच्या इंजेक्शनच्या कुप्या दिवसभर दिव्यापुढे धरत होतो तोच. तेव्हा या नावानंच लोक चार हात लांब व्हायचे. सासूबाईंनी भिंतीला लागून ठेवलेली मीठ-मसाल्याची फळीसुद्धा तिथून हलवली. भाऊ कित्येक महिने गावाबाहेरच्या टीबीच्या दवाखान्यात होते. रोज सुई. मार्थावहिनी एसटीनं डबा घेऊन जायच्या आणि इकडे त्यांच्या मंडळीतले, म्हणजे देवळातले, लोक घरोघरी जमून भाऊंसाठी प्रार्थना करायचे. ते त्यांनी मनापासून केलं, हे मी कबूल करते. आमच्यातल्या एकानंही त्या काळात त्यांच्या घरचा उंबरा ओलांडला नव्हता.

ते बरे झाले. निम्मे होऊन आले, पण आले. मग घरी उपकारस्तुतीची सभा झाली. त्यांच्यात ही रीत आहे, संकटातून सुटलं की घरी मंडळी बोलवायची, गाणी म्हणायची, आणि सुटलेल्या माणसानं उभं राहून साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मीही गेले होते, मागे दारात बसले होते. भाऊ उभे राहिले आणि असं बोलले, असं बोलले, की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मृत्यूच्या खाईतून प्रभूनं हाताला धरून काढलं. वैद्यांनी मान हलवली होती, पण त्यानं नाही हलवली. बायका हुंदके देत होत्या. मी मात्र वाट बघत होते की आता सुयांचं नाव येईल, मग येईल. आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी काही गप्प बसणारी आहे का? म्हटलं, "भाऊ, त्या सुयांनी काय घोडं मारलं होतं?"

ते शांतपणे म्हणाले, "ताई, माझ्या खोलीत सहाजण होतो. सुया सगळ्यांनाच होत्या. तिघं गेले. मग सांगा, मी का उठलो?"

मला तेव्हाही वाटलं होतं की हा माणूस कुपी एकाच बाजूनं बघतोय.

मग त्यांनी ती कादंबरी लिहिली. तिचं नाव मी इथं घेणार नाही, कुठं जुन्या कपाटात प्रत असेल आणि कुणी शोधून वाचेल म्हणून. गोष्ट शांता नावाच्या बाईची. तिला क्षय होतो. ती इंजेक्शनच्या कुप्या विहिरीत टाकून देते आणि फक्त प्रार्थनेवर राहते. तिचा सासरा, मोठा श्रद्धावान माणूस, तिच्याजवळ येऊन रडून विनवतो, "पोरी, सुई घे." ती नाही म्हणते. मग सासरा डोळे पुसून हसतो आणि म्हणतो, "मी तुझा विश्वास पारखत होतो." आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटे शांता उठते आणि त्याच विहिरीवर पाण्याला जाते. इतकं चांगलं त्यांनी आधी कधी लिहिलं नव्हतं. रक्ताच्या गुळण्या, तापात भिंतीवर दिसणारी चित्रं, शेजारणीनं काढून घेतलेला पेला, सगळं भोगलेलं होतं. म्हणूनच ती विहीरही खरी वाटायची. चिंचवड, खडकी, तळेगाव, जिथं जिथं त्यांचे लोक होते तिथं ती गेली. बायकांनी उशाशी ठेवली.

चिंचवडला दानियल नावाचा एक लेथवर काम करणारा तरुण होता. जालन्याकडचा, नवीनच आलेला. त्याची बायको एस्तेर, विशीबाविशीची. रविवारी देवळातून परतताना दोघं मिसाळांकडे यायची, भाऊंना अण्णा म्हणायची. पोरगी लाजाळू, पण भाऊंच्या पुस्तकांबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही. तिला क्षय झाला. दवाखान्यात नाव घातलं, सुया सुरू झाल्या. दानियल शिफ्टला जायचा, ती एकटी चालत जाऊन सुई घेऊन यायची, असं तो समजत होता. ती जातच नव्हती. तिच्या उशाशी शांता होती.

कळलं तेव्हा उशीर झाला होता. दानियल सायकल हाणत भाऊंना न्यायला आला. मार्थावहिनींबरोबर मीही गेले. एका खोलीचा संसार, कोपऱ्यात एस्तेर, नुसते डोळे उरलेले. भाऊ तिच्या खाटेशी जमिनीवर बसले आणि हात जोडले.

"बेटा, सुई घे. माझं ऐक. मी घेतली होती, रोज घेतली होती."

एस्तेर हसली. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अण्णा, मला ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी माझा विश्वास पारखताय."

भाऊ ओरडले, "नाही गं! ते मी लिहिलंय! मी मनानं लिहिलंय ते!" जितकं ते रडत होते तितकी तिची खात्री पटत होती, कारण पुस्तकातला सासराही असाच रडला होता. आपल्याच हातानं दाराला कुलूप घालून किल्ली आत टाकावी तसं झालं होतं. दानियलनं तिला धरून दवाखान्यात नेलं, सुई दिली, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. चौथ्या दिवशी ती गेली.

दफनाच्या वेळी सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. भाऊ पुढे झाले तेव्हा दानियल शिव्या देईल, अंगावर जाईल, असं मला वाटलं होतं. देता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, मी किती सांगितलं तिला. माझं न्हाई ऐकलं. तुमचं ऐकलं."

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर भाऊ आपणहून साक्ष द्यायला उभे राहिले. मार्थावहिनींनी मला सांगितलं ते असं. ते म्हणाले, मी तुमच्यापुढे अर्धीच साक्ष दिली. मी रोज सुई घेत होतो. शांता खोटी आहे, तिला मी उठवलं, देवानं नाही. एस्तेर माझ्यामुळं गेली. एवढं बोलून ते खाली बसले. कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब चांगले होते, घरी येऊन म्हणाले, "मिसाळ, दुःखानं तुमचा विश्वास डळमळलाय. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू." मार्थावहिनी ताडकन म्हणाल्या, "त्यांचा विश्वास आत्ता कुठं पाय टेकतोय, साहेब. चहा घ्या."

छापखान्याला त्यांनी कळवलं की पुस्तक पुन्हा काढू नका. छापखान्यानं दुसरी आवृत्ती काढली, मागणी होती ना. मग हा माणूस दर रविवारी पिशवीत शाई आणि टाक घेऊन निघायला लागला. ज्या घरी प्रत असेल तिथं जायचं, विहिरीचं पान काढायचं, त्यावर काट मारायची आणि समासात लिहायचं: 'हे मी खोटं लिहिलं. शांता रोज सुई घेत होती. याकोब मिसाळ.' सायकलनं पुनावळ्याला, एसटीनं तळेगावला. काही लोक पुस्तक काढून द्यायचे. काही म्हणायचे, कुणी नेलंय. देहूरोडच्या एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "भाऊ, शांतेनं मला माझ्या मुलाच्या आजारात तारलं. तुम्ही लिहिली म्हणून ती तुमची झाली का?" हे सांगताना भाऊंचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

मी चिडायची. म्हणायची, "किती घरं फिरणार हो? एका माणसाच्या पायांनी छापखान्याशी शर्यत लावता?"

"नाही जमायची," ते म्हणायचे. "पण उरलेल्या घरात कुणी खोकत असेल तर?"

त्यांचंच दुखणं उलटलं. या वेळी जंतू औषधाला सरावले होते. सुया वाढवल्या, आणि त्या सुयांनी कानाच्या नसा गेल्या. आधी शिट्ट्या ऐकू यायच्या म्हणे, मग चालताना तोल जायला लागला, मग एक दिवस भोंगा झाला तरी ते इस्त्रीच्या टेबलाशी लिहीतच उभे राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर माणसांचे आवाज टिपले त्याला स्वतःचासुद्धा आवाज ऐकू येईना. कंपनीतली नोकरी सुटली. गळ्यात एक पाटी अडकवून फिरायचे, बोलायचं असेल त्यानं तिच्यावर खडूनं लिहायचं. देवळात पहिल्या बाकावर बसून पेटीच्या लाकडाला हात लावायचे, तेवढंच गाणं.

लिहीत मात्र होते. एक नवी गोष्ट, फार हळू. वाक्यं आखूड झाली होती. मी थोडी वाचली. त्यात एक बाई मरते आणि तिचा नवरा दुसऱ्या दिवशी शिफ्टला जातो. एवढंच. मी पाटीवर लिहिलं, 'यात देव कुठं आहे?'

ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "आहे की. पण त्याच्या तोंडी वाक्यं घालायची मी सोडलीत, ताई."

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सोडली होती. आजाऱ्याच्या खाटेशी बसून प्रार्थना करायची. लोक अजून बोलवायचे, ते जायचे, हात धरून बसायचे, पण तोंड उघडायचे नाहीत. "मला ते तोंड राहिलं नाही," म्हणायचे.

दुष्काळाचं वर्ष होतं. मार्थावहिनी पाय मोडून पडल्या होत्या. चाकणहून निरोप आला की तिथल्या सगुणाबाई नावाच्या विधवेची मुलगी आजारी आहे, बाजारात कांदे निवडायला जायची ती, आणि तिनं सुया बंद केल्यात. घरात शांता आहे. भाऊंना धड उभं राहवत नव्हतं, पण ऐकतील तर ना! मार्थावहिनी मला म्हणाल्या, "ताई, त्यांचे कान म्हणून जा."

गेले. सगुणाबाईंनी पुस्तक फडक्यात बांधून ठेवलं होतं, पण हात लावू देईनात. भाऊ हात जोडून सांगत होते, "बाई, शांता मेली. तिचं नाव एस्तेर होतं. मी तिच्यावर माती टाकली." म्हातारी मान हलवत होती. "न्हाई. पुस्तकात ती उठती." मुलगी भिंतीला टेकून दोघांकडे बघत होती. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो बाई, ज्यानं लिहिलं तोच सांगतोय ना!" त्यावर सगुणाबाईंनी पुस्तकाचं फडकं घट्ट आवळलं आणि म्हणाल्या, "मंग त्यास्नी माझ्या पोरीसाठी प्रार्थना करू द्या. आमच्या डोळ्यांदेखत. तर घेईल ती सुई. न्हाईतर न्हाई."

मी ते पाटीवर लिहिलं. भाऊंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, हे आता नाही म्हणणार आणि ही पोरगीही जाणार. देवाशपथ सांगते, मला त्या म्हातारीचाही राग आला आणि त्यांच्या देवाचाही.

"घरी नाही," ते म्हणाले. "दवाखान्यात. सुई टोचताना."

पुढच्या महिन्यात मिसाळभाऊ गेले. मी तेव्हा आईच्या आजारपणात सोलापूरला अडकले होते, मातीलाही पोचले नाही. म्हणून माझ्यापुरते ते शेवटचे त्या चाकणच्या दवाखान्यातच आहेत. भिंतीशी सुईवाल्यांची रांग होती. स्टुलावर ती पोरगी बसली, कंपाउंडरनं बाही वर केली. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. पुस्तकातली भाषा नाही, साक्षीतली नाही. तेच एक वाक्य, त्या बहिऱ्या मोठ्या आवाजात, अडखळत, पुन्हा पुन्हा. "प्रभू, ही सुई लागू पडू दे. ही सुई लागू पडू दे." सुई टोचली, पोरगी कळवळली, उठली, दंड चोळत आईकडे गेली. भाऊंना काहीच कळलं नाही. हात तसाच पुढे, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी, आणि आवाज चालूच. मी पुढे होऊन त्यांना हलवणार तोच रांगेतला पुढचा माणूस आला. बाजारातला हमाल असावा, कपाळाला बुक्का, अंगावर कांद्याची टरफलं. त्यानं एकदा भाऊंकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्या हाताखाली स्टुलावर बसला. "चालू द्या," तो कंपाउंडरला म्हणाला आणि त्यानं दंड पुढे केला.